गेरूची रेघ

रेल्वेतून निवृत्त झालेले वामनराव ढोबळे रायपूरच्या पुरानी बस्तीत राहतात. पंचवीस वर्षांपासून दर बजेटला ते बैठकीच्या भिंतीवर केंद्र सरकारच्या एकूण खर्चाची खूण गेरूनं करतात. एक लाख कोटीला चार बोटं, असं त्यांचं माप. रेघ कधी खाली उतरलीच नाही. काही वर्षांपूर्वी ती छताला टेकली, तेव्हापासून पुढची खूण करायला ते वरच्या मजल्यावर साहू भाभींकडे जातात.

यंदा पंचाईत झाली. रेघ भाभींच्या देवीच्या आसनाखाली येऊन ठेपली होती, आणि देवीवरून गेरू ओढणं वामनरावांच्या हातून होणार नव्हतं.

"मंग थांबवा न रेघ," बायको कुंदा म्हणाली.

"सरकार थांबून राहिलं काय? मी काहून थांबू?"

सकाळी देवळात जाऊन, जन्मात पहिल्यांदा, ते खर्च कमी होऊ दे म्हणून हात जोडून आले. भाषण झालं. खर्च वाढलाच होता. मान खाली घालून ते वर गेले, तर देवीचं आसन हातभर वर ठोकलेलं.

"भैया, खर्चा तो घटने से रहा," भाभी म्हणाल्या. "मैंने माता को ही ऊपर कर दिया. दो साल की छुट्टी."

वामनरावांनी आधी देवीला नमस्कार केला, मग गेरू भिजवला.