पुसलेली रेघ

डोंगरात पाऊस असाच वाढत गेला तर कुंडलिकेचं पाणी कुठवर चढेल, याचा अंदाज बांधायला मी रोह्याजवळच्या घरांतून फिरत होतो. गेल्या पुराने भिंतीवर सोडलेली चिखलाची रेघ शोधायची आणि टेपने तिची उंची मोजायची, एवढंच काम.

एका बाईंच्या घरात मात्र भिंती पांढऱ्याशुभ्र. मी येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच चुना मारला होता.

"पावने येनार आनि भिंतीवर चिखल, बरं दिसतं काय?"

माझा चेहरा पाहून त्या ओशाळल्या. मग भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि हनुवटी उचलून तळहात गळ्याशी आडवा धरला.

"हितवर होतं. अशीच उभी होते, नातीला डोक्यावर घेऊन."

मी त्यांच्या गळ्याशी टेप लावला. आकडा लिहून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"एवढं परत नाय ना येनार?"

आतापर्यंतच्या आमच्या अंदाजात पुढचं पाणी त्यांच्या डोक्यावरून जात होतं. मला मान वर करवेना. टेप गुंडाळत मी "बघू, काकू" म्हणालो. तेवढ्यानेही त्यांना बरं वाटलं, आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.