गाडीचं तोंड

आमच्या घरमालक काकांएवढा गाडीचा लाड करणारा माणूस अख्ख्या बोईसरात नाय, आणि शोधत शोधत माझ्या माहेरी मासवणला गेलात तरी मिळायचा नाय. गाडी जुनी, काका ती चालवायचे कमी आणि पुसायचे जास्त. ऊन झालं की तिच्या टपावर काकूंची साडी पसरायचे, काकू म्हणायच्या, "मला कधी छत्री धरली नाय." दिवे म्हणजे तिचे डोळे, हॉर्न म्हणजे गळा, आणि पेट्रोल भरायचं झाकण म्हणजे तोंड. दसऱ्याला हार-कुंकू सगळेच करतात, काका त्याच्यावर आणखी ते झाकण उघडून आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे. आत काय करायचे देव जाणे. मी भाडेकरीण, आठवीतनं शाळा सुटलेली, विचारणार कशी?

एका दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत माझी पोरगी, अकरा महिन्यांची, सकाळी एकाएकी धापा टाकायला लागली, छाती नुसती आत ओढायची. तिचा बाप कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. इथले डॉक्टर म्हणाले पालघरला न्या, थांबू नका. काकांनी चावी घेतली, मी पोर आणि दुधासाठी गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसले, आणि अर्ध्या वाटेत पेट्रोलचा लाल दिवा लागून गाडी आचके द्यायला लागली. पंपावर गेलो तर झाकण उघडेना.

काकांनी झाकण उघडायचा सीटखालचा खटका ओढला. पंपवाला म्हणाला, "स्क्रू ड्रायव्हर घालू का?"

"तुझ्या तोंडात घालतो का कोणी?" काका म्हणाले. मग मला म्हणाले, "तू ओढ, मी कान लावतो." मी एका हातानं पोर धरलं, दुसऱ्यानं खटका ओढला. "टक वाजतंय गो. म्हणजे वायर ठीक हाय." मग डिकीत गेले, अस्तरामागं एक दोरी असते म्हणे, खटका बिघडला तर ओढायची, ती ओढली. परत टक, झाकण तसंच. रिक्षा सगळ्या भरून चाललेल्या. पोरगी रडायचीही थांबली, मी तिला घेऊन खाली उतरून झाकणाजवळ उभी राहिले आणि तिथं मला मुंग्या दिसल्या. रांगेनं झाकणाच्या फटीत चाललेल्या.

"काका, मुंग्या पेट्रोल खातात काय?"

काका वाकून फटीत डोकावले. मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "गूळ हाय तो. दसऱ्याचा. उपाशी कशी ठेवू तिला?"

झाकणाच्या आत ठेवलेला गूळ उन्हात वितळून झाकण चिकटलेलं. मी थर्मास पुढं केला. काकांनी फटीवर धार धरली, तळव्यानं झाकण दाबलं, सोडलं, परत दाबलं, मी आत वाकून खटका ओढला, आणि ते उघडलं. "माझ्या लाडापायी तुझी पोर अडकली," एवढंच म्हणाले, आणि पालघरपर्यंत गाडीशी बोलले नाय. दवाखान्यात पोरीला वाफेचा मास्क लावला, संध्याकाळी ती दूध प्याली, तेव्हा काका बाहेर जाऊन बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

यंदा गाडी भंगारात गेली. दसऱ्याच्या सकाळी काका सवयीनं गुळाचा खडा घेऊन खाली आले, आणि जिथं ती उभी असायची त्या तेलाच्या डागाजवळ तसेच थांबले. माझी पोरगी आता धावते, ती जाऊन त्यांच्या पायाशी उभी राहिली. काका तिच्यापुढं खाली वाकले. "उघड गो तोंड," म्हणाले.

तिनं लगेच उघडलं.