खंडेनवमीची ढाल

भट्टीजवळ वीस वर्षं काढली की किस्से मळीसारखे वर येत राहतात. झाऱ्याने काढून टाकले तरी थोड्या वेळाने पुन्हा थर जमतो. आमच्या चाकणच्या अ‍ॅल्युमिनियम फाउंड्रीतले माझे किस्से तर सगळे एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस मी नाही. दत्ताभाऊ.

*

आमच्या भट्टीत दोन प्रकारचा माल पडतो. नवा इंगट, म्हणजे ताज्या धातूची वीट, आणि 'रिटर्न', म्हणजे कापलेले तुकडे, रिजेक्ट झालेले पार्ट. रिटर्न वाया जात नाही. पण दर वेळी वितळताना त्यात हत्यारांचं लोखंड थोडं थोडं उतरतं आणि माल ठिसूळ होतो. म्हणून कुठला रिटर्न कितव्यांदा वितळला, हे मी रोज डायरीत लिहितो. कोणी सांगितलेलं नाही, माझं मीच शिकलो.

दत्ताभाऊ इथल्याच जुन्या गावातले, माझ्याबरोबर भट्टीवरच. ते लिहीत नाहीत. एकदा त्यांनी नमुन्याची कांडी ऐरणीवर मोडली, तुटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे म्हातारं झालंय, राव. नवा इंगट टाका." दोन तासांनी लॅबचा रिपोर्ट आला: लोखंड जास्त. शेठनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

माझ्या डायरीतही तेच होतं. मी फक्त पान शोधत होतो.

*

ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले. रिटर्न किती वेळा वापरता, असं त्यांनी विचारलं. मी अकरा डायऱ्या टेबलावर मांडल्या. त्यांनी एक चाळली आणि दत्ताभाऊंकडे वळले.

"साहेब, रसवंतीवर चिपाड पुन्हा चरकात घालत्यात ना? जोडीला नवा ऊस असंल तर रस गोड. नुसतंच चिपाड फिरवलं तर पानी."

ऑडिटर हसले. खिशातून पेन काढून त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. अकरा डायऱ्यांतलं काहीच लिहून घेतलं नव्हतं.

*

गावच्या जत्रेला दत्ताभाऊ चार दिवस रजेवर गेले. भट्टी मी डायरीवर चालवली. चार दिवसांत एकही पार्ट रिजेक्ट नाही! शेवटच्या दिवशी शेठ आले, रिजेक्शनची रिकामी पेटी पाहिली आणि मला विचारलं, "दत्ता कधी येतोय?"

संत तुकाराम नगरला घरी पोचल्यावर हेही लिहिलं. बायकोने खांद्यावरून वाचलं. "अहो, ही डायरी तुमची की दत्ताभाऊंची?"

*

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की शेठ एका कामगाराला बक्षीस म्हणून ढाल देतात. ती आमच्याच भट्टीत ओततात, निव्वळ नव्या इंगटाची. ढालीत रिटर्न घालायचा नाही, हा रिवाज. तीन वर्षं ती दत्ताभाऊंनाच मिळाली. तिसऱ्या वर्षी मी टाळ्या वाजवल्या, पण हातमोजे काढले नाहीत.

यंदा पावसाळ्यात ग्राहकाकडून तडे गेलेले पार्ट परत आले. महिन्याभराचा सगळा माल भंगारात जाणार, असं दिसत होतं. मी डायरी उघडली. एका मंगळवारी इंगटाचा ट्रक चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि दत्ताभाऊंनी दिवसभर नुसता रिटर्न वितळवला होता, तोही तिसऱ्यांदा. तपासलं तर तडे तेवढ्याच दिवसाच्या मालात निघाले. बाकीचा महिना वाचला.

ते पान शेठसमोर ठेवताना मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दत्ताभाऊ शेजारीच उभे होते. "व्हय, माझंच हाय ते," एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला ढाल मला मिळाली. घरी नेऊन टीव्हीशेजारी ठेवली. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर, ढाल कुठल्या दिवशी ओतली याची नोंद करायला डायरी उघडली, तर नोंद आधीच होती. ढाल खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ओतली, तेव्हा मी डोळे तपासायला निगडीला गेलो होतो आणि डायरी भट्टीजवळच्या कपाटात राहिली होती. माझ्याच रकान्यांत, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

"नवा इंगट – न्हाई. रिटर्न – माझ्या तीन ढाली. दुसऱ्यांदा वितळलं. कांडी मोडून बघितली. माल चांगला हाय."