देवाचा पीस

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, महाळुंग्यातल्या एका कंपनीत, पत्र्यातून सुटे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपवर, सुपरवायझर आहेत. डिप्लोमा करून मराठवाड्यातून आले, त्याला सतरा वर्षं झाली. मध्यंतरी त्यांच्याकडे असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली. एचआरने सांगितलं, अनुभव आहे, पण एमबीए लागेल. निदान प्रवेश घेतल्याची पावती तरी आणा.

पावती चालते हे ऐकूनच मला शंका आली. ज्या पदवीच्या जागी पावती चालते, ती पदवी नेमकी कशासाठी हवी असते?

मी बातमीदार. म्हणून बहिणीने मला दाजींबरोबर थेरगावला, एमबीएला प्रवेश देणाऱ्या एका संस्थेत धाडलं. ते कुठेही सही करतील, तू कागद वाच, असं तिचं म्हणणं. संस्था डांगे चौकाजवळ, मोबाइलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. भिंतीवर पदवीदानाचे सहा फोटो होते. माणसं सहा होती, झगा एकच. डाव्या बाहीवरचा शाईचा डाग प्रत्येक फोटोत दिसत होता.

काउंटरवरची मुलगी नम्र होती. वर्गाला यायची गरज नाही, परीक्षा घरूनच, असं तिने सांगितलं. प्रोजेक्टचं विचारल्यावर तिने कपाटातून एक स्पायरल बांधलेला अहवाल काढला. ‘‘हा नमुना, सर. फक्त नाव बदलायचं.’’

दाजी पानं उलटत होते. एका फोटोपाशी थांबले. मला वाटलं, इंग्रजी अडलं असेल. त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. कंपनीचं नाव पांढऱ्या शाईने झाकलं होतं, पण फोटोतली प्रेस दाजींच्याच शॉपमधली होती.

दोन वर्षांपूर्वी एमबीएचा एक ट्रेनी महिनाभर त्यांच्याजवळ उभा होता; हा अहवाल त्याचाच. शिफ्ट सुरू होताना मशीन सेट झालं की निघालेला पहिला निर्दोष पीस टॅग लावून मशीनलाच बांधून ठेवतात. दिवसभराचा माल त्याच्याशी ताडून बघतात. दाजींच्या शॉपमधल्या कामगारांनी त्या टॅगला हळदकुंकू लावायची पद्धत पाडली आहे. ट्रेनीने विचारलं, हा पीस मालात का जात नाही? दाजींनी गंमत केली होती, की तो देवाचा पीस, काढला तर प्रेस बसते.

अहवालात लिहिलं होतं की श्रद्धेपोटी दर शिफ्टला एक पीस वाया जातो, ही प्रथा तातडीने बंद करावी. खाली आणखी एक ओळ होती: पर्यवेक्षकांमध्ये व्यवस्थापकीय दृष्टीचा अभाव.

खाली चहाच्या टपरीवर दाजी आधी हसले. ‘‘पाव्हणं, माझंच बोलणं मलाच विकायला बसलेत की.’’  मग विचारलं, ‘‘ह्याची एक प्रत आमच्या एचआरकडं असंल का हो?’’

ट्रेनी अहवाल कंपनीलाही देतात, एवढं मला माहीत होतं. तो कुणी वाचला का, हे माहीत नव्हतं. एचआरच्या त्या ‘पण’मागे हीच ओळ होती, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता आणि आजही नाही. मी एवढंच सांगितलं, की इथे सही करू नका.

अर्जाची मुदत गेली. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पावतीच तर हवी होती, अहवाल कोण वाचतं, असा तिचा सवाल होता. 

जागेवर बाहेरून एक तरुण एमबीए आला. पुढचं दाजींनीच एका रविवारी जेवताना सांगितलं. साहेब पहिल्याच दिवशी प्रेसपाशी थांबले आणि बांधलेल्या पीसकडे बोट दाखवून हे काय, म्हणून विचारलं. कामगार दाजींच्या तोंडाकडे बघायला लागले. सगळ्यांना जुना विनोद पाठ होता.

दाजींनी या वेळी पीस सोडला, चालू मालातला एक उचलला आणि साहेबांच्या हातात दोन्ही पीस दिले. वर व्हर्निअर ठेवला. ‘‘आधी मोजा, साहेब. मग सांगतो.’’

साहेबांनी दोन्ही मोजले, दोनदा मोजले. मग खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं, मी विचारलं. दाजींनी भाकरी मोडली. मान लांब करून बघितलं होतं, म्हणाले, पण साहेबांनी हात आडवा धरला होता.