तुळजाजी आणि बाटलीतला उजेड

तुळजाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, कनकलतेचा नवरा. तंजावुरात त्याचा फोटो स्टुडिओ होता. तिरुवैयारुहून मी बाजाराला गेलो की त्याच्याकडे कॉफी ठरलेली. माणूस भला. रडून डोळे सुजलेली नवरीसुद्धा त्याच्या दोन दिव्यांपुढं हसरी दिसायची. फक्त त्याच्यापुढं व्यंकटरमणचं नाव काढायचं नाही.

हा व्यंकटरमण दोन गल्ल्या पलीकडचा फोटोवाला. मद्रासहून छत्री लावलेले फ्लॅश घेऊन आलेला. त्यानं एकदा गुलाबपाण्याच्या सोड्याची बाटली टिपली आणि तो फोटो कोपऱ्यावरच्या विडेवाल्यानं दुकानात लावला. बाटली अशी, की आत कुणी दिवा ठेवलाय असं वाटावं. झालं. तुळजाजीनं त्या दुकानात विडा घेणं सोडलं. विड्यासाठी पार राजवाड्यापलीकडं जाऊ लागला, तेही उन्हातान्हात.

"अहो, पानं तीच आहेत ना?" कनकलता म्हणाली.

"तिकडचा चुना सौम्य असतो," हा म्हणाला.

परदेशी कोला परत दुकानांत आला, त्या सालांतली ही गोष्ट. पेटीपेटीवर घाम फुटलेल्या गार बाटल्यांची रंगीत चित्रं. ती बघून आमच्याकडचा सरबतवाला राममूर्ती धास्तावला. नन्नारीच्या, म्हणजे अनंतमुळाच्या, मुळ्यांचं त्याचं सरबत त्याच्या वडलांपासून चालत आलेलं, बाटलीच्या लेबलावर वडलांचाच फोटो. त्यानं ठरवलं, यंदा आपणही बाटलीचं मोठं कॅलेंडर काढायचं. कावेरीकाठच्या गावागावांत दुकानदारांना वाटायचं. त्यानं तुळजाजी आणि व्यंकटरमण दोघांनाही बाटल्या दिल्या. दिवाळीच्या आत फोटो आणा, जो आवडेल तो छापतो, म्हणाला.

म्हणजे बघा, वर्षभर गावोगावच्या भिंतींवर कुणाची बाटली टांगायची, याचा निकाल लागायचा होता. तुळजाजीची झोपच उडाली.

त्यानं नवरीला लावतात तसे दोन दिवे लावले, एक डावीकडून, एक उजवीकडून. फोटो धुऊन आला. सरबत काळंकुट्ट, आजारी माणसाला देतात त्या काढ्यासारखं. काचेवर दोन पांढरे डाग, आणि मधोमध पांढरी लुंगीसारखी वेष्टी नेसून वाकलेला इवलासा तुळजाजी स्वतः. बहिणीच्या नवऱ्याला आम्ही बावा म्हणतो. मी म्हटलं, "बावा, तुम्ही चांगले आलात. सरबत मात्र राहिलं."

तो हसला नाही. दिवे लांब केले, जवळ केले, खिडकी उघडली, लावली. सरबत काही उजळेना. "त्याचं कसं उजळतं?" एवढंच पुटपुटत फिरायचा. जेवताना ताकाचा पेलासुद्धा उजेडाकडं धरून बघायचा.

मधे नवरात्र आलं. आयुधपूजेला आमच्याकडं सगळी हत्यारं-अवजारं देवीपुढं मांडतात, गंध-कुंकू लावतात, आणि त्या दिवशी त्यांना कामासाठी हात लावत नाहीत. सुतार करवत मांडतो, तसा फोटोवाला कॅमेरा मांडतो. आणि त्या दिवशी कुणीही कुणाच्याही दुकानात जावं, सुंडलचे हरभरे नि चुरमुरे खावेत. वैरी असला तरी दारातून परत धाडत नाहीत. तुळजाजीनं नवी वेष्टी नेसली आणि मला म्हणाला, "चला मेव्हणे, सुंडल खाऊन येऊ."

"कुठं?"

"जवळच."

व्यंकटरमण दारातच उभा होता. "या या, तुळजाअण्णा. आज सूर्य कुठं उगवला?"

"म्हटलं, देवीचं दर्शन घ्यावं."

"देवी तुमच्याकडंही आहेच की."

"तुमची मद्रासची," तुळजाजी म्हणाला.

आत मोठमोठे फ्लॅश, छत्र्या, कॅमेरे, सगळ्यांवर गंधाचे टिळे. हा नमस्कार करतोय, पण डोळे मिटलेले नाहीत. एवढ्यात त्याला एक पुठ्ठा दिसला. बाटलीच्या आकारात कापलेला, वर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चिकटवलेला. त्यालाही टिळा, त्यालाही फूल.

"हे काय?" तुळजाजीनं विचारलं.

"मुलांचं खेळणं," व्यंकटरमण घाईनं म्हणाला.

त्याची बायको नागलक्ष्मी सुंडल घेऊन आली होती. बाई फार देवभोळी. "खेळणं काय म्हणता? देवीपुढं खोटं बोलू नका," ती म्हणाली. "बाटलीमागं ते धरल्याशिवाय तुमचं एक काम होत नाही. एक अवजार टिळ्याविना राहिलं तर वर्षभर रुसतं."

व्यंकटरमणचं तोंड बघण्यासारखं झालं. तुळजाजीनं सुंडल दुसऱ्यांदा मागून घेतलं.

कोपऱ्यावर आल्यावर तो म्हणाला, "कागद. नुसता कागद, हो. मला वाटलं, हजारो रुपयांचं जर्मन यंत्र असेल." यंत्र असतं तर त्याला इतकं झोंबलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुनःपूजा, म्हणजे मांडलेली पूजा उतरवायची ती, करून त्यानं कॅमेरा उचलला. बाटलीपेक्षा जरा लहान चंदेरी पुठ्ठा कापून मागं तिरका लपवला, वरून दिव्याचा उजेड त्याच्यावर पाडला, आणि सरबत माणकासारखं पेटलं. बाजूच्या दिव्यापुढं जुनी वेष्टी ताणली, तसे काचेवरचे डाग जाऊन एक मऊ लांब रेघ उरली. पण मागून उजेड, म्हणून पुढचं लेबल काळोखात. राममूर्तीच्या वडलांचा चेहराच दिसेना. जन्मभर चेहरे टिपलेला माणूस, त्याला ते सोसवेना. दाढीचा आरसा काढून त्यानं उजेडाचा एक तुकडा बरोबर म्हाताऱ्याच्या मिशांवर टाकला.

राममूर्तीनं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. व्यंकटरमणची बाटली जास्त देखणी होती. मला दिसलं, तुळजाजीला त्याआधी दिसलं. राममूर्तीनं मात्र तुळजाजीच्या फोटोवर बोट ठेवलं. "यात अप्पा दिसतायत," म्हणाला.

कॅलेंडर छापलं, गावोगाव गेलं. आमच्या तिरुवैयारुच्या न्हाव्याकडंसुद्धा लागलं. तुळजाजीला पुढं दरसाल तेच काम मिळालं. पण व्यंकटरमणचा फोटो फेकवेना, म्हणून राममूर्तीनं तो चौकटीत घालून आपल्या बैठकीत लावला.

मी एकदा बरोबर गेलो होतो. राममूर्तीनं पंख्याखालची खुर्ची पुढं केली. ती नेमकी त्या फोटोच्या भिंतीसमोर. तुळजाजीनं वर बघितलं, कपाळाचा घाम पुसला, आणि दाराजवळच्या स्टुलावर भिंतीकडं पाठ करून बसला.

"अहो, इथं वाऱ्याला बसा," राममूर्ती म्हणाला.

"नको," तुळजाजी म्हणाला, "मला पंखा बाधतो."