दोन चिमाजी

घाटकोपरच्या आमच्या वाचनालयात ऐतिहासिक पुरुषाचे नुसते नाव सांगून पुस्तक मिळत नसे. शिपाई आधी विचारत, "खंयचो?" म्हणजे, कोणता? बाजीराव म्हटले तरी खंयचो, माधवराव म्हटले तरी खंयचो. मालवणकडचे हे गृहस्थ गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे लागले आणि सर्वांचे खंयचेकाका झाले.

एकदा कॉलेजातली एक मुलगी वैतागली. "काका, कुठलाही बाजीराव द्या ना! उद्या पेपर आहे."

"कुठलोय कसो चलात गो? पयल्याची लढाई दुसऱ्याच्या नावार लिवलंस तर वाट लागात तुजी."

आणि काकांनी दोघांवरची पुस्तके तिच्यापुढे ठेवली.

एकाच नावाच्या माणसांची त्यांनी एक वही केली होती. एका नावाला एक पान. "नाव येक म्हणान माणूस येक नसता," असे ते म्हणत. पन्नाशीला टेकल्यावर ते ग्रंथालयाची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि सहायक ग्रंथपालाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. "येकदा टेबलाच्या त्या बाजूक बसान बघूचा हा, सायबानू," एवढेच मला म्हणाले. मी कार्यवाह होतो. माझा शब्द पुरेसा होता.

त्याच सुमारास आमची स्मरणिका निघायची होती. तीत माझा लेख होता. मुद्रिते छापखान्यातून आणताना काकांनी तो वाचला.

"सायबानू, ह्यो चिमाजी खंयचो?"

"चिमाजी एकच. तुम्ही कपाटे पुसा."

चिमाजी दोन होते. वसई जिंकणारे ते थोरल्या बाजीरावांचे बंधू. काही काळ पेशवेपदावर बसवले गेलेले ते दुसऱ्या बाजीरावांचे. माझ्या लेखात वसई जिंकणारेच पुढे पेशवे झाले होते.

प्रकाशनाच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावरून ही चूक हसत दाखवली. सभागृह हसले. मी उठून म्हणालो, "मुद्रिते आमच्या शिपायांनी पाहिली होती."

काका दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते. माना तिकडे वळल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि रिकामे पेले गोळा करू लागले.

पुढच्या बैठकीत त्यांचा अर्ज आला. एक सभासद म्हणाले, "दोन चिमाजी ज्यांना कळत नाहीत, त्यांच्या हाती ग्रंथ द्यायचे?" मी इतिवृत्त लिहीत राहिलो. अर्ज नामंजूर झाल्याच्या ठरावाखाली सही माझी आहे.

दोन वर्षांनी काका कायमचे गावी निघाले. निरोप घ्यायला घरी आले, तेव्हा मी पत्नीला 'घरी नाहीत' असे सांगायला लावले आणि आतल्या खोलीत बसून राहिलो.

"सायबांक सांगा वहिनीनू," काका म्हणाले, "चूक काय तशी मोठी नाय हुती. नावां सारकी असली काय कोणाचोय गोंधळ होता."

एरवी ते फार हळू बोलत. त्या दिवशी आतल्या खोलीत स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलले.