विहिरीत सोडलेला दोर

मी संशयी बाई आहे. दूधवाला समोर उभा असतानाच दुधात बोट बुडवून बघते. नातवंडं फार लाडात आली की आधी फडताळ उघडून लाडवांचा डबा तपासते. सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसोत. ज्या घरात मी वाढले तिथं माणसं तीनच होती, अप्पा, आत्या आणि मी, आणि चौथा होता तो संशय. तोच सगळ्यांत थोरला.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई मला आठवतसुद्धा नाही इतक्या लहानपणी गेली. आत्या ही अप्पांची थोरली बहीण, विधवा होऊन अक्कलकोटकडून माहेरी आलेली. घरात राज्य तिचं, निम्मं कानडी, निम्मं मराठी. रागावली की कानडी, आणि संशय आला की मराठी. त्यामुळं माझ्या कानावर मराठीच जास्त पडली.

मंगळवार पेठेत अप्पांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, मोटेचे नाडे, पाळण्याचे दोर, सगळं मिळायचं. टोक उसवू नये म्हणून अप्पा प्रत्येक दोराच्या शेवटाला लाल सुताचे वेढे देत. तो लाल वेढा दिसला की दोर आमच्या दुकानचा. पोरवयापासून दोर पिळून पिळून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट आत वळलं होतं, ते शेवटपर्यंत सरळ झालं नाही.

घरातले नियम काय सांगू! दारात उभं राहायचं नाही, रस्त्यात हसायचं नाही, पेरू दातानं तोडायचा नाही. त्या सगळ्यांचा राजा एकच होता. विहिरीकडं फिरकायचं नाही.

त्याला कारण होतं. सोलापूरचा उन्हाळा पोरांना पाण्याकडं ओढायचाच. दरसाल कुठल्या तरी मळ्यातून एखादा माणूस धापा टाकत दुकानात यायचा आणि लांब दोर मागायचा. अप्पा काही न विचारता दोर द्यायचे, आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. दोर कशाला नेला होता ते संध्याकाळी पेठेत कळायचं. अप्पांना स्वतःला पोहता येत नव्हतं.

त्या वर्षी मी तेरा सरून चौदाव्यात होते. आत्यानं तिच्या सासरच्या भावकीतलं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मला शाळा सोडायची नव्हती. त्यावरून बरीच वादावादी झाली, आणि शेवटी अप्पांनी माझ्यादेखत निकाल दिला.

"शिकू दे तिला. पण ही विहिरीवर गेली म्हणून माझ्या कानावर आलं, तर त्याच दिवशी शाळा बंद. मग तू म्हणशील तितं लगीन."

"बघ हं, शब्द दिलास," आत्या म्हणाली.

अप्पांनी दिलेला शब्द फिरवल्याचं पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हा आत्याला आता एवढंच करायचं होतं, मला पकडायचं.

ती कामाला लागली. मी घरात शिरले की वेणी मुठीत धरून पिळायची. केस हुंगायची. दंडावर नखानं रेघ ओढायची. पाण्यात डुंबून आलेल्या अंगावर नखाची रेघ पांढरी उमटते, हे सगळ्या आया-आत्यांना ठाऊक असतं. अंगाला तेल चोळलं की ती उमटत नाही, हे सगळ्या पोरांना ठाऊक असतं.

अप्पांची तपासणी वेगळी होती. आम्ही लिंगायत. सकाळी लिंगपूजा झाली की अप्पा आपल्या हातानं माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे. संध्याकाळी दुकानातून आले की दिवा माझ्या तोंडाजवळ धरून पट्टे बघायचे. विभूती म्हणजे भस्म, पाण्यानं धुऊन जाणारच. म्हणून मी विभूतीचा एक खडा दप्तरात चिंधीत बांधून ठेवला होता.

आता तुम्ही ओळखलंच असेल की मी विहिरीवर जात होते. जात होते म्हणजे काय, रोज जात होते!

मला नेलं ते माझ्या वर्गमैत्रिणीनं. ती विणकरांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी आणि अंगानं सडपातळ, पण छातीला धडकी म्हणून ठाऊक नाही. गावाबाहेर एका मळ्यात तिच्या घरचं सूत धुवायला जायचं. दुपारी मोटेचे बैल सुटले की त्या विहिरीवर चिटपाखरू नसे. उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुटली की आम्ही तिकडं पळायचो. घरी मी सांगितलं होतं की मैत्रिणीकडं चरख्यावर कांड्या भरायला शिकते आहे. आधी तिनं माझ्या पाठीला सुका भोपळा बांधला, आणि काही दिवसांनी न सांगता तो सोडला. मी बुडाले नाही. तो आनंद मला आजही तसाच आठवतो. परकराचा काष्टा मारून धावेवरून, म्हणजे मोटेचे बैल चालतात त्या वाटेच्या टोकावरून, उडी टाकली की आत्या, तिचं स्थळ, दिव्याच्या उजेडातली तपासणी, सगळं वरच राहायचं. खाली गार, हिरवं पाणी आणि मी.

गिरणीचा भोंगा झाला की आम्ही वर यायचो. तिच्या घरी केस वाळवायचे, तेल लावायचं, आणि आरशात बघून तीन ठसठशीत, सरळ पट्टे ओढायचे. पट्ट्यांत आपला हात कुणी धरणार नाही, असा मला भारी अभिमान होता.

आणि मग एक दिवस विहिरीत दोर दिसला.

पायऱ्यांच्या समोरच्या अंगाला, जिथं पाणी सगळ्यांत खोल होतं, तिथं विहिरीच्या कडेला उंबर होता. त्याच्या बुंध्याला दोर बांधून खाली सोडला होता. नवा, वाखाचा, म्हणजे घायपाताच्या खरखरीत धाग्याचा, हात निसटू नये म्हणून जागोजाग गाठी मारलेला. पाण्याला टेकलेल्या टोकाला लाल सुताचे वेढे.

मी पायरीवरच थबकले. लाल वेढा म्हणजे दोर आमच्या दुकानातून घेतलेला. म्हणजे मळेवाला दुकानात येऊन गेला. म्हणजे अप्पांशी बोलला. काय बोलला? 'दोन पोरी उड्या मारतात, म्हणून दोर हवा'? तसं बोलला असेल तर अप्पा गप्प कसे? आणि बोलला नसेल तर दोर कशाला?

त्या दिवसापासून मला कुणाचंच खरं वाटेना. मळेवाला वाटेत भेटला आणि "उन लई हाय, जपून जावा," म्हणाला, त्यातही मला काहीतरी आतबाहेर दिसलं. आत्यानं एकदा वेणी न पिळताच सोडली, तर मला वाटलं, हिला आता पिळायची गरज राहिली नाही. अप्पा संध्याकाळी माझे पट्टे पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ बघतात असं वाटायला लागलं. बघायचे आणि "हं" म्हणून दिवा खाली ठेवायचे. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझी झोप जायची.

दुकानात डबा घेऊन गेले की मी मुद्दाम रेंगाळायचे, काही कानावर पडतं का बघायला. एकदा मोडनिंबकडचा एक शेतकरी विहिरीसाठी सुती दोर मागत होता. अप्पा त्याला हसले.

"सुती पाळण्याला न्यावा. पाण्यात कुजतोय की तो. इहिरीला वाखच पायजे."

इहिरीला म्हणताना अप्पांनी माझ्याकडं बघितलं, की बघितलं नाही? मी डबा तिथंच टाकून घरी पळाले.

शेवटी संशय फिरत फिरत मैत्रिणीवर गेला. विहिरीवर जातो हे माहीत असणारी ती एकटीच. मी तिला सरळ विचारलं, "तूच सांगितलंस ना कुणाला?"

ती पायरीवर बसून वेणी सोडत होती. "येड लागलंय का तुला? दोर हाय तर हाय की. धरून पव. दोर काय बोलतोय व्हय?"

"मी त्याला हात लावणार नाही. सापळा आहे तो."

"मग नको लावू," ती म्हणाली, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

मी खरंच हात लावला नाही. पोहताना त्या अंगाला जातच नसे. दोराला शिवलं की कुठंतरी घंटा वाजेल आणि माझी शाळा संपेल, असंच मला वाटायचं. पण विहिरीवर जायचंही सोडलं नाही. चौदाव्या वर्षी माणूस भितं आणि तरी जातंच.

एका दुपारी पाण्याच्या मधोमध माझ्या पोटरीत गोळा आला. पाय लाकडासारखा झाला. काष्टा सुटून परकर दुसऱ्या पायात गुंतला. मी खाली गेले, वर आले, नाकातोंडात पाणी, आणि पायऱ्या पार लांब. मैत्रीण वरून किंचाळत होती, "दोर धर! अगं दोर धर की!" मी हातांनी पाणी ओढत उंबराच्या अंगाला सरकले आणि हात मारला तो वाखाच्या गाठीवर पडला. मी धरला. हात घसरले, पुन्हा धरला. ती पाण्यात उडी टाकून माझ्याजवळ येईपर्यंत मी त्या दोराला लोंबकळत होते आणि मोठ्यानं रडत होते.

नव्या वाखानं दोन्ही तळहात सोलून निघाले होते.

केस वाळले, तेल लागलं, पट्टे ओढले. हातांचं काय करायचं ते मात्र कळेना. मुठी मिटून घरी आले. आत्यानं वेणी पिळली, रेघ ओढली, काही सापडलं नाही. पण संध्याकाळी ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. कडक भाकरी मोडायला हाताला जोर लागतो. मी भाकरी मोडायला गेले आणि चटणीचं तिखट जखमेला लागलं. तोंडातून हाय निघून गेली.

आत्यानं झडप घालून माझी मूठ उघडली.

"यव्वा! बघ, बघ तुझ्या लेकीचे हात! दोर धरलाय हिनं. इहिरीत उतरली ही! आता बोल, काय शब्द दिलतास?"

अप्पांनी घास ताटात ठेवला. माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन दिव्याजवळ नेले. बराच वेळ बघत राहिले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. शाळा गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"वाखानं सोलतंच," ते म्हणाले. "दुकानात माझ्यासंगं दोर आवळालती ही. मीच लावलं तिला कामाला."

"तू? पोरीला दुकानात कामाला लावलंस?"

"व्हय."

हातात लिंग घेऊन रोज पूजा करणारा माणूस खोटं बोलेल हे आत्याच्या मनात येणं शक्यच नव्हतं. ती आपल्या ताटाकडं वळली. अप्पांनी तूप आणि हळद आणून माझ्या तळहातांना लावलं. नंतर भाकरी चुरून, दुधात कालवून वाटी माझ्यापुढं सरकवली.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी मुलखाची संशयी. यांना कळलं आहे, मग वाचवलं कशाला? उद्या गुपचूप लग्न ठरवून येणार असतील!

सकाळी नेहमीसारखी त्यांच्यापुढं बसले. त्यांनी तीन बोटं विभूतीवर घासली आणि माझ्या कपाळावर ओढली. त्या दिवशी मी उठून आरशात बघितलं. कशी कोण जाणे, इतक्या वर्षांत सकाळचे पट्टे मी कधी नीट बघितलेच नव्हते. वरचा पट्टा पुरा. खालचा पट्टा पुरा. मधला कपाळाच्या मध्यावर तुटलेला, कारण ते वळलेलं बोट तिथं टेकतच नव्हतं.

आणि मी उन्हाळाभर संध्याकाळी त्यांना तीन पुरे पट्टे दाखवत आले होते.

म्हणजे अप्पांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण कानावर आलेलं नव्हतं. कानावर आलं असतं तर शब्द पाळावा लागला असता.

मी वळून बघितलं. अप्पा डोक्याला रुमाल गुंडाळत होते. माझ्याकडं न बघता, आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात, रोजचंच म्हणाले, "विहिरीकडं फिरकायचं न्हाय."

"व्हय, अप्पा," मी म्हणाले.

हात बरे व्हायला बरेच दिवस गेले. खपल्या पडल्यावर मी पुन्हा मळ्यात गेले. मैत्रीण आधीच पाण्यात होती. उंबराला दोर होता, पण तो वाखाचा नव्हता. पांढराशुभ्र, मऊ, सुती, तान्ह्या पोराच्या पाळण्याला लावतात तो. गाठी तशाच, जागोजाग. टोकाला लाल सुताचे वेढे. पाण्याला टेकलेला भाग आताच काळा पडायला लागला होता.

माझे हात घरातल्या दोघांनीच बघितले होते.

तो दोर कुजायचा, आणि कुजून तुटायच्या आत तिथं नवा दिसायचा. पाऊस लागून शाळेची वेळ बदलेपर्यंत हे चाललं. अप्पांना तिथं जाताना मी कधी बघितलं नाही आणि त्यांनीही मला तिथं कधी बघितलं नाही. सुती दोर पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मात्र मी उडी टाकली नाही. उंबराशी गेले, दोर दोन्ही हातांनी धरला, आणि हळूहळू पाण्यात उतरले.